पाया पक्का होईपर्यंत थांबू नका : कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांना आणि मैत्रिणींना खुले पत्र

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या सर्व मराठी पालकांना, आणि नुकत्याच इथे येऊन कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, नाव घालायचा विचार करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक मुलगी भेटली. लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी इथे आलेली, नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर. तिला नर्सिंग करायचं आहे आणि त्यासाठी स्टॅटिस्टिक्स, म्हणजे संख्याशास्त्र, लागतं. तिने तसं म्हटलं मात्र, आमच्यातल्या तीन मोठ्या बायका एकदम म्हणाल्या, ‘‘एकदम स्टॅटिस्टिक्सला हात घालू नकोस गं. आधी वर्षभर ॲडल्ट स्कूलला जाऊन खालचं गणित कर. पाया पक्का होऊ दे.’’ (ॲडल्ट स्कूल म्हणजे मोठ्या माणसांना शाळेच्या पातळीचे विषय शिकवणारी शाळा.) तिने मान डोलावली. सांगणाऱ्या तिघीही तिच्या भल्याचंच सांगत होत्या. मी तिळगूळ हातात धरून दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि काही बोलले नाही. घरी आल्यावर रात्रभर चुटपुट लागली. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता सगळ्यांनाच लिहिते आहे.

पाया पक्का होऊ दे. हे वाक्य मला एकदा चार वर्षांना पडलं आहे.

मी कराडहून मराठी विषय घेऊन बी.ए. झाले. गणित सुटलं ते दहावीला, १९९८ साली. २००९ मध्ये लग्न होऊन इथे आले आणि २०१० मध्ये घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात गेले. मलाही नर्सिंगच करायचं होतं. तिथे म्हणाले, आधी एक छोटीशी परीक्षा द्या, अर्धा-पाऊण तास लागेल, तयारीची गरज नाही. संगणकासमोर बसवलं. पडद्यावर प्रश्न आला, त्यात ‘डिनॉमिनेटर’ असा शब्द होता. मला अंश-छेद येत होते, ल.सा.वि. झोपेतही काढता आला असता, पण डिनॉमिनेटर म्हणजे छेद हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या परीक्षांची रचना अशी की तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न बदलतात. सुरुवातीला दोन-तीन चुकले की यंत्र तुम्हाला सोप्याकडे घेऊन जातं. शेवटी कागद हातात आला: कॉलेजच्या गणिताच्या तीन पायऱ्या खाली. या निकालाला आव्हान देता येतं, पुन्हा परीक्षा मागता येते, हे तिथल्या कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. परीक्षेत आलेला निकाल म्हणजे निकाल, असंच आपल्याला शिकवलेलं असतं.

मग प्री-अल्जिब्रा, म्हणजे बीजगणिताची पूर्वतयारी, त्यानंतर एलिमेंटरी अल्जिब्रा. मध्ये बाळंतपण, दीड वर्ष घरी. परत आले तर इंटरमीडिएट अल्जिब्रा एकदा नापास, एकदा पास. २०१५ च्या वसंतात एकदाची स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात बसले आणि मला ‘ए’ मिळाला. त्या पूर्ण सेमिस्टरमध्ये मी एकदाही अवयव पाडले नाहीत. वर्गसमीकरण एकदाही सोडवलं नाही. ज्यासाठी दोनदा परीक्षा दिली, रात्री बाळाला मांडीवर घेऊन वह्या भरल्या, ते पुढे लागलंच नाही. माझ्या पहिल्या वर्गातल्या तीसेक जणांपैकी स्टॅटिस्टिक्सला पोचलेले आम्ही दोघे दिसलो. बाकीचे कुठे गेले ते माहीत नाही. ती सगळी ढ माणसं नव्हती. एक मेक्सिकन बाई होती, तिघांचा स्वयंपाक करून पहाटेच्या पाळीला जायची आणि तिची वही माझ्यापेक्षा नीट असायची.

नर्सिंग तोवर मागे पडलं होतं. मी पुढे ट्रान्सफर घेऊन, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून चार वर्षांच्या विद्यापीठात जाऊन, पब्लिक हेल्थची पदवी केली, आणि २०१९ पासून एका कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात बसून मुलांना मदत करते. वर्गातच बसणारी ट्युटर. म्हणून हे पत्र दोन्ही बाजू पाहिलेल्या बाईचं आहे.

माणसं गळतात कुठे, याचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. समजा शंभर जण तीन पायऱ्या खाली सुरू करतात. प्रत्येक वर्गात शंभरातले सत्तर पास होतात, आणि पास झालेल्यांतले ऐंशी टक्के पुढच्या सेमिस्टरला नाव घालतात. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत आणि ते चांगले घेतले आहेत. पहिल्या वर्गानंतर पुढे जातात छप्पन्न. दुसऱ्यानंतर एकतीस. तिसऱ्यानंतर सतरा. त्या सतरांतले स्टॅटिस्टिक्स पास होतात बारा. कुठल्याच एका वर्गाचा निकाल वाईट नाही, एकही शिक्षक कामचुकार नाही, आणि तरी शंभरातले अठ्ठ्याऐंशी वाटेत गेले. प्रत्येक जास्तीची पायरी म्हणजे सोडून जायला आणखी दोन दारं: एक नापास होण्याचं, दुसरं पास होऊनही परत न येण्याचं. नोकरीची पाळी बदलते, आई आजारी पडते, मूल होतं. सेमिस्टर जितकी जास्त, तितका आयुष्याला मध्ये येण्याचा वाव जास्त.

कॅलिफोर्नियात एकेकाळी कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांना असा एखादा तरी खालचा वर्ग करावा लागत होता. कॉलेजं ११६, विद्यार्थी वीस लाखांच्या आसपास. म्हणजे केवढी माणसं! मग २०१७ मध्ये एबी ७०५ हा कायदा झाला. आमदार जॅकी अर्विन यांनी आणला, गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली. त्याचं सार एवढंच की विद्यार्थी एका वर्षात ट्रान्सफरच्या पातळीचं गणित आणि इंग्रजी पूर्ण करेल याची शक्यता जास्तीत जास्त वाढेल, अशाच वर्गात कॉलेजने त्याला बसवायचं. संगणकावरच्या परीक्षेऐवजी हायस्कूलचे गुण बघायचे. ज्यांचं हायस्कूल इथलं नाही, म्हणजे आपल्या बहुतेक मैत्रिणींचं, त्यांना प्रश्नावली आणि मार्गदर्शन देऊन स्वतःची पातळी स्वतः ठरवू द्यायची. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी मुदत तीन वर्षांची. गणित-इंग्रजीसाठी २०१९ च्या फॉल सेमिस्टरपासून हे पूर्ण लागू झालं, आणि २०२२ च्या एबी १७०५ ने ते आणखी कडक केलं. म्हणूनच आज कॉलेजांत ते खालचे वर्ग जवळजवळ उरलेले नाहीत, आणि आपली मंडळी नव्या मुलींना ॲडल्ट स्कूलचा रस्ता दाखवतात.

‘मग कच्च्या मुलांना सरळ वर ढकलून दिलं का?’ हा प्रश्न मला प्रत्येक पालक विचारतो, आणि रास्त आहे. उत्तर आहे सपोर्ट क्लास. स्टॅटिस्टिक्सच्या मुख्य वर्गाला जोडून आठवड्याला दोन तास जास्तीचे. बहुतेक ठिकाणी तोच शिक्षक, त्याच वर्गातली मुलं, त्याच आठवड्याचा धडा. इंग्रजीलाही हेच. ही कल्पना कॅलिफोर्नियाची नाही. मेरीलँडमध्ये बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजाने २००७ मध्ये इंग्रजीसाठी हे सुरू केलं: इंग्रजीत मागे असलेली मुलं सगळ्यांबरोबर इंग्लिश १०१ च्या वर्गात बसायची आणि तो तास सुटला की त्याच शिक्षकाबरोबर छोट्या गटात पुढचा तास करायची.

माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं. तिथे मामाने आम्हा पोरांना विहिरीत पोहायला शिकवलं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि पाण्यात सोडायचं. मामा पाण्यातच असायचा, हातभर अंतरावर. चार दिवसांनी डब्यात थोडं पाणी भरायचा, म्हणजे तरंगणं कमी व्हायचं, आणि एके दिवशी डबा सुटायचा. काठावर बसवून वर्षभर हात मारायला कुणी शिकवलं नाही. आणि डब्याशिवाय, मामाशिवाय कुणाला ढकलूनही दिलं नाही. सपोर्ट क्लासबद्दल कुणी विचारलं की मला तो डबा आठवतो.

त्या दोन तासांत काय चालतं ते सांगते, कारण ‘सपोर्ट’ म्हटलं की लोकांना वाटतं, जास्तीची गणितं करून घेत असतील.

गेल्या वर्षी आमच्या वर्गात चाळिशीचा एक गृहस्थ होता, ट्रकवर सामान पोचवण्याचं काम करणारा. पी-व्हॅल्यूचा धडा चालू होता. पी-व्हॅल्यू म्हणजे, आपण धरलेलं मूळ गृहीतक खरं असेल तर हाती आलेल्याइतका टोकाचा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची संभाव्यता. नियम साधा: पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा लहान आली तर मूळ गृहीतक नाकारायचं. त्याची आली ०.०३२, आणि त्याने लिहिलं, ‘नाकारता येत नाही’. बाकी सगळी रीत अचूक. मुख्य वर्गात शिक्षिकेला वाटलं असतं की याला गृहीतक तपासणी समजलेलीच नाही. सपोर्टच्या तासाला मी त्याच्या शेजारी बसून विचारलं, ‘‘या दोनांत मोठी संख्या कुठली?’’ तो म्हणाला, ‘‘०.०३२. बत्तीस पाचापेक्षा मोठे ना.’’ चूक तिथे होती, पाचवीतल्या दशांश अपूर्णांकात. मी पर्समधून एक निकल, म्हणजे पाच सेंटचं नाणं, काढून टेबलावर ठेवला. हे ०.०५ डॉलर. बाजूला एकेक सेंटच्या तीन पेनी ठेवल्या आणि म्हटलं, ०.०३२ म्हणजे या तीन आणि वर पेनीचा एक बारीक तुकडा. तो बघत राहिला, मग स्वतःच रबराने उत्तर खोडलं. दोन मिनिटं लागली. पुढे सेमिस्टरभर ती चूक पुन्हा झाली नाही, कारण ती गोष्ट त्याला लागली तेव्हा मिळाली होती. हेच दशांश त्याने तीन सेमिस्टर आधी वेगळ्या वर्गात वीस गणितं करून शिकले असते, तर पी-व्हॅल्यूपर्यंत पोचताना त्यातलं किती शिल्लक राहिलं असतं? मुळात तो पोचला असता का?

आणखी एक चूक दर सेमिस्टरला दिसते. उत्तर फार लहान असलं की कॅल्क्युलेटर पडद्यावर ३.२ दाखवतो आणि शेवटी एक ‘ई’ आणि उणे चार, म्हणजे खरं उत्तर ०.०००३२. मुलं ३.२ लिहून मोकळी होतात. पी-व्हॅल्यू म्हणजे संभाव्यता, ती एकापेक्षा मोठी असूच शकत नाही. तिथे थांबून घातांक शिकवायचे, फक्त तेवढेच, दहा मिनिटं, आणि पुन्हा गाडी धड्यावर.

मुलं घाबरलेली असतात हेही आहे. मुख्य वर्गात हात वर न करणारी मुलगी सपोर्टच्या तासाला विचारते, कारण तिथे पंधराच जण असतात आणि सगळ्यांनाच काहीतरी अडलेलं असतं. मराठी माध्यमातून आलेल्या मैत्रिणींना मी तिथे सांगते, स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे आपलं प्रमाण विचलन. सगळ्यांना तो शब्द आठवतोच असं नाही, पण चेहरा बदलतो. हे आपल्याला परकं नाही, एवढं कळलं तरी पुढचं सोपं जातं.

आकडे हवे असणाऱ्यांसाठी. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २०१३ मध्ये आपल्या तीन कम्युनिटी कॉलेजांत प्रयोग केला. ज्यांना एलिमेंटरी अल्जिब्राची गरज आहे असं ठरलं होतं, अशा सुमारे ९०० विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं. नुसता अल्जिब्रा घेतलेल्यांत ३९ टक्के पास झाले. अल्जिब्रा आणि आठवड्याची जास्तीची कार्यशाळा घेतलेल्यांत ४५ टक्के. आणि सरळ कॉलेजचं स्टॅटिस्टिक्स अधिक कार्यशाळा घेतलेल्यांत ५६ टक्के. वरच्या पातळीचा विषय घेऊन जास्त मुलं पास झाली! तीन वर्षांनी पाहिलं तर पदवी मिळवणाऱ्यांतही हाच गट सुमारे आठ टक्के-अंकांनी पुढे होता. टेनेसीने २०१५ पासून राज्यभर हीच पद्धत आणली. तिथल्या अभ्यासात, पातळी ठरवणाऱ्या गुणांच्या कटऑफजवळ असलेल्या विद्यार्थ्यांत पहिल्या वर्षात कॉलेजचं गणित पास होण्याचं प्रमाण जुन्या पद्धतीपेक्षा १५ टक्के-अंकांनी जास्त दिसलं आणि इंग्रजीचं १३ नी. मात्र पदवी मिळण्यात तिथे फरक दिसला नाही. हेही सांगायला हवं. गणिताचं दार उघडलं म्हणून पुढची फी, भाडं, पाळणाघर हे प्रश्न सुटत नाहीत.

कॅल्क्युलसचं मात्र वेगळं आहे. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांना थेट कॅल्क्युलसमध्ये बसवण्यावरून इथल्या गणिताच्या शिक्षकांत मोठे मतभेद आहेत. तो माझा विषय नाही. ज्या मुलाने हायस्कूलमध्ये त्रिकोणमिती पाहिलेलीच नाही, त्याच्या पालकांनी काउन्सेलरशी नीट बोलून ठरवावं. मी बोलते आहे ते स्टॅटिस्टिक्स आणि इंग्रजीबद्दल, आणि तिथे मला शंका उरलेली नाही.

आता पालकांशी थोडं कडवट बोलते. आपल्याकडे आधीच मूल कम्युनिटी कॉलेजात जातं हे सांगायला लोक बिचकतात. ‘तो सध्या ब्रेक घेतोय’ असं म्हणतात. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, बॅचलर्सची पदवी देणाऱ्या नऊपैकी सहा कॅम्पसमध्ये कम्युनिटी कॉलेजातून ठरलेल्या अटी पूर्ण केल्या की ट्रान्सफरच्या प्रवेशाची हमी मिळते. डेव्हिस, आयर्वाइन, सँटा बार्बरा त्यात आहेत. युनिटला ४६ डॉलर फी भरून मूल त्या वाटेवर असेल तर त्यात लपवण्यासारखं काय आहे? त्यातून सपोर्ट क्लास म्हटला की आई-वडील हळूच येऊन विचारतात, ‘‘तो नाही घेतला तर चालेल ना? ट्रान्सक्रिप्टवर दिसेल.’’ दिसला तर दिसू दे. यूसी ट्रान्सफरसाठी जीपीए काढते ती ट्रान्सफर होणाऱ्या कोर्सेसची. सपोर्टचे युनिट त्यात येत नाहीत. या भीतीचं मूळ मला माहीत आहे. आपण सगळे अ तुकडी, ब तुकडी, फ तुकडीच्या शाळांतून आलो आहोत. फ तुकडीला कुठला शिक्षक मिळायचा, तिथल्या मुलांशी कसं बोलायचे, हे आपण पाहिलं आहे. म्हणून वेगळा वर्ग म्हटलं की पोटात गोळा येतो. पण जुनी पायऱ्यांची पद्धतच ती तुकडी होती. तिथे तुमचं मूल इतरांपासून दूर, खालच्या खोलीत बसायचं. इथे ते सगळ्यांच्या बरोबर त्याच बाकावर बसतं, तोच पेपर लिहितं, त्याला तीच श्रेणी मिळते. फक्त दोन तास जास्त बसतं. दहावीला आपण मुलांना क्लास लावतोच की!

दुसरी एक गोष्ट. पहिल्या खेपेला नापास झालं तर जगबुडी होत नाही. एकाच कोर्ससाठी साधारण तीन संधी मिळतात. आमच्या वर्गातली मुलं पहिल्यांदा अडखळली की गुपचूप नाहीशी होतात आणि घरी सांगत नाहीत. ज्या घरी ‘नापास’ हा शब्द जोरात उच्चारला जातो तिथली तर हमखास. कृपा करून त्यांना घरी बोलता येईल असं ठेवा.

सगळे सपोर्ट क्लास चांगले असतात असंही मी म्हणणार नाही. काही ठिकाणी मुलांना नुसतं संगणकासमोर बसवून जुनेच अल्जिब्राचे सराव दिले जातात. तो जुना वर्गच, नाव बदललेला. नाव घालण्याआधी काउन्सेलरला विचारा: मुख्य वर्गाचा शिक्षक हाच सपोर्टचा शिक्षक आहे का? वर्गात ट्युटर बसतो का? आणि सपोर्टला वेगळा गृहपाठ असतो, की मुख्य वर्गाच्या उद्याच्या धड्याची तयारी करून घेतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘वेगळा गृहपाठ’ असं आलं तर दुसरा सेक्शन शोधा. पैसे कमी पडले की कॉलेजं सर्वांत आधी ट्युटरचे तास कापतात, हे मी पाहिलं आहे. कॉलेज डिस्ट्रिक्टच्या विश्वस्तांच्या सभा सर्वांना खुल्या असतात आणि नागरिकांना तिथे बोलायला वेळ मिळतो. तुमच्यातले जे मत देऊ शकतात, ते त्या विश्वस्तांना निवडून देतात. मंडळाच्या गणपतीला आपण पाचशे जण जमतो. त्यातले पाच जण एका सभेला आले तरी चालेल. मी येईनच.

त्या हळदीकुंकवाच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. तिच्या कॉलेजचं सेमिस्टर नुकतंच सुरू झालं होतं, नाव घालायला आठवडा उरला होता. आम्ही दोघींनी वेळापत्रक उघडलं. सपोर्टसकट स्टॅटिस्टिक्सचा संध्याकाळचा एक सेक्शन होता, तीन जागा शिल्लक. तिने विचारलं, ‘‘ताई, मला दहावीनंतरचं काहीच आठवत नाही, चालेल?’’ मी म्हटलं, पहिल्या दिवशी पुढच्या बाकावर बस आणि पहिल्याच तासाला काय आठवत नाही ते शिक्षिकेला सांग. दुपारी तिचा मेसेज आला: घातलं नाव.

आपली,
एक जुनी विद्यार्थिनी, आता ट्युटर